पॉलिकार्बोनेटचं पर्गोला छत गळतंय: पाणी शिरतं कुठून ते शोधण्यापासून पक्क्या दुरुस्तीपर्यंत

पर्गोल्याचं छत ठिबकायला लागलं की सिलिकॉनची ट्यूब घेऊन वर चढायचं आणि ओलं दिसेल तिथे लिंपायचं, हा सर्रास केला जाणारा उपाय. तो एखाद-दोन महिने टिकतो, मग लिंपलेल्या पट्टीच्या कडेनेच पुन्हा पाणी येतं. दोष सिलिकॉनचा नसतो. पॉलिकार्बोनेट तापमानाबरोबर फार हलतं, आणि हालचालीला जागा न ठेवता केलेली कुठलीही दुरुस्ती ते ओढून तोडतं.

थोडं गणित इथे उपयोगी पडेल. पॉलिकार्बोनेट १ मीटर लांबीला, दर अंश सेल्सियसला सुमारे ०.०६५ मिमी वाढतं. पहाटे १५ अंशांवर असलेली शीट दुपारी उन्हात ५५ अंशांवर गेली, तर ४ मीटर लांबीत ती साधारण १० मिमी वाढते. तिच्याखालची लोखंडी पट्टी तेवढ्याच फरकाने जेमतेम २ मिमी वाढते. म्हणजे शीट आणि सांगाडा यांच्यात रोज ८ मिमीची ओढाताण. बाहेरच्या कामाचं चांगलं सिलिकॉन सांध्याच्या रुंदीच्या साधारण २५ टक्के हालचाल सोसतं. सिलिकॉनची ५ मिमी रुंदीची पट्टी सव्वा मिमीच्या पुढे ताणली की कडेने सुटायला लागते. सिलिकॉन लागतं, पण सगळ्यात शेवटी आणि ठराविक जागीच.

छत कोणतं आहे ते आधी पाहा

घरगुती पर्गोल्यावर तीन प्रकार दिसतात. पन्हळी शीट, म्हणजे पत्र्यासारख्या लाटा असलेली, साधारण १ मिमी जाडीची. मल्टिवॉल म्हणजे पोकळ शीट, आत उभ्या नळ्या असलेली, ६ ते १६ मिमी जाडीची. आणि काचेसारखी दिसणारी भरीव सपाट शीट. पन्हळी शीट बहुतेक वेळा स्क्रूपाशी आणि जोडांवर गळते. पोकळ शीट दोन शीट जोडणाऱ्या पट्टीपाशी, म्हणजे प्रोफाइलपाशी, आणि टोकांना गळते. भरीव शीटचं बरंचसं पोकळ शीटसारखंच, फक्त नळ्यांची भानगड नाही. भिंतीकडचा सांधा मात्र तिन्हींत सारखाच बदमाश.

गळती की दव?

पाऊस नसतानाही पहाटे शीटच्या खालच्या बाजूला सगळीकडे सारखे थेंब दिसत असतील, तर ते बाहेरून शिरलेलं पाणी नाही. खालची दमट हवा रात्री गार पडलेल्या शीटला लागून जमलेलं दव आहे. खाली कपडे वाळत घातले असतील, कुंड्या भरपूर असतील किंवा बाजू बंद केलेल्या असतील, तर हे हमखास होतं. त्यावर सिलिकॉन चालत नाही, हवा खेळती करावी लागते. भिंतीकडच्या उंच बाजूला आणि पन्हाळीकडच्या खालच्या बाजूला हवा जायला फट ठेवा.

पोकळ शीटच्या नळ्यांच्या आत दिसणारं धुकं किंवा हिरवट शेवाळ हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं पुढे येईलच.

पाण्याची वाट शोधणं

थेंब पडतो तिथे भोक नसतं, ही खूणगाठ बांधून घ्या. पाणी वर कुठेतरी शिरतं, आडव्या पट्टीच्या कडेने किंवा शीटच्या पोटाला चिकटून उतरत येतं आणि अडथळा लागला की गळतं. दीड-दोन मीटरचं अंतर अगदी सहज पडतं. म्हणून कोरड्या दिवशी पाइपने पाणी मारून तपासणी करायची. त्याला दोन माणसं लागतात: एक वर पाणी सोडणारा, एक खाली खडू घेऊन पाहणारा.

पाण्याची सुरुवात सगळ्यात खालून करा, पन्हाळीच्या बाजूने. धार मंद ठेवा. जोराच्या फवाऱ्याने पाणी जोडांमध्ये उलटं चढतं आणि नसलेली गळती दिसते. एका पट्ट्यावर किमान ५ मिनिटं पाणी सोडा, खाली काही आलं नाही की अर्धा मीटर वर सरका. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या जोडांवरून वाहत येईल आणि कुठला जोड फुटला हे कळणारच नाही. पहिला थेंब दिसला की थांबा, खाली खडूने खूण करा आणि वर त्याच ओळीतले स्क्रू, जोड, तडे पाहा. शंका असलेल्या स्क्रूच्या खालच्या बाजूला कागदी टिश्यू दाबून धरला तर थेंब तयार होण्याआधीच ओल कळते.

शेवटी शीट पूर्ण सोडून फक्त वरच्या भिंतीवर १० मिनिटं पाणी सोडा. ही पायरी बरेच जण गाळतात. प्लास्टरच्या तड्यातून शिरलेलं पाणी भिंतीच्या आतून उतरून फ्लॅशिंगच्या, म्हणजे भिंत आणि छत यांच्या सांध्यावर झाकलेल्या वाकवलेल्या पत्र्याच्या, मागून बाहेर येतं. तसं असेल तर छतावर कितीही काम केलं तरी फुकट जाईल.

वर चढण्याआधी

शीटवर पाय देऊ नका, गुडघाही टेकू नका. कितीही जाड असली, नवी असली तरी नाही. निदान दोन आडव्या पट्ट्यांवर टेकेल अशी ३०० मिमी रुंद फळी टाका आणि तिच्यावरून काम करा. फळीखाली जुनी चादर किंवा फोम घातला की ओरखडे पडत नाहीत. शिडी पन्हाळीला टेकवायची नाही, खांबाला किंवा मुख्य तुळईला टेकवून बांधायची. पर्गोल्यात दिवे असतील तर पाणी मारण्याआधी त्या लाइनचा एमसीबी खाली पाडा.

सामान, आणि काय लावायचं नाही

सिलिकॉन घेताना ट्यूबवर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं आणि पॉलिकार्बोनेटला चालतं असा उल्लेख असलेलं घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं साधं बाथरूमचं सिलिकॉन वापरू नका. सुकताना ते ॲसिटिक ॲसिड सोडतं, आणि ताणाखाली असलेल्या पॉलिकार्बोनेटवर त्याने बारीक तडे जाऊ शकतात. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल आणि अमोनिया असलेले काच पुसायचे द्रव यांनाही शीटपासून लांब ठेवा. पुसायला कोमट साबणपाणी, आणि सिलिकॉन लावायच्या जागी आयसोप्रोपिल अल्कोहोल, एवढं पुरतं. मऊ पीव्हीसीचे वॉशर आणि पट्ट्याही टाळा. पीव्हीसी मऊ ठेवणारं रसायन हळूहळू शीटमध्ये उतरतं आणि नेमकी स्क्रूभोवती तडे पडतात. वॉशर ईपीडीएम रबराचाच हवा.

३०० मिली ट्यूबमधून ६ मिमी जाडीची पट्टी साधारण १० मीटर निघते. त्या हिशेबाने घ्या आणि ट्यूबवरची मुदत पाहा. मुदत उलटलेलं सिलिकॉन दिवसेंदिवस चिकटच राहतं.

जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या खरवडणीने पूर्ण काढल्याशिवाय नवं लावायचं नाही. लोखंडी पात्याने खरवडलं तर शीटवरचा यूव्ही थर, म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवणारा थर, निघतो, आणि तिथून शीट पिवळी पडायला लागते.

स्क्रू: निम्मी गळती इथे

पन्हळी शीटवर स्क्रू लाटेच्या माथ्यावर असला पाहिजे. खोलगट भागात मारलेला स्क्रू म्हणजे वाहत्या पाण्याच्या तळाला पाडलेलं भोक. असे स्क्रू दिसले तर त्यांना दुरुस्त करत बसू नका, काढून शेजारच्या माथ्यावर हलवा.

एकेका स्क्रूचं काम असं करायचं.

१. जुना स्क्रू काढा आणि भोक पाहा. भोक स्क्रूइतकंच घट्ट असेल, तर शीट तिथे अडकून ओढली जात होती. भोकाची कड लांबट फाटलेली किंवा त्यातून ताऱ्यासारखे तडे निघालेले दिसतील.

२. ५.५ मिमी जाडीच्या स्क्रूसाठी भोक १० मिमी करा. वर हिशेब केलेल्या ४ मीटरच्या शीटची मधली ओळ घट्ट धरली, तर दोन्ही टोकं ५-५ मिमी हलतात, आणि तीही शीट मधल्या तापमानाला बसवली असेल तर दोन्ही दिशांना अडीच मिमीच्या आसपास. १० मिमीचं भोक जवळपास तेवढी जागा देतं. शीट याहून लांब असेल तर टोकाकडची भोकं उताराच्या दिशेने लांबट करा.

३. भोक पाडताना स्टेप बिट, म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांचा निमुळता बिट, वापरा, वेग कमी ठेवा, जोर देऊ नका, आणि शीटखाली लाकडाचा ठोकळा धरा. शीटच्या कडेपासून ४० मिमीच्या आत भोक नको. पाडल्यावर कड बारीक पॉलिश पेपरने साफ करा, कारण तडा नेहमी खडबडीत कडेपासून सुरू होतो.

४. वॉशर किमान २५ मिमी व्यासाचा हवा. १६ मिमीचा वॉशर १० मिमीच्या भोकावर नीट बसत नाही, शीट सरकली की भोकाची कड उघडी पडते.

५. स्क्रू शीटला काटकोनात घाला. तिरका गेला तर रबराची एक बाजू उचललेली राहते आणि तिथूनच पाणी आत घुसतं. ड्रिलचा क्लच कमी ठेवा आणि शेवटचे फेरे हाताने फिरवा.

६. रबर वॉशरच्या कडेपर्यंत जरासं फुगलं की थांबा. वॉशर वाटीसारखा आत दबला किंवा माथा चपटा झाला, तर अर्धा फेरा मागे घ्या. जास्त आवळलेल्या स्क्रूभोवती उलट लवकर पाणी शिरतं: माथा दबून तिथे खळगा होतो, पाणी साचतं, आणि शीट हलायची थांबून फाटते.

खालच्या लाकडी पट्टीतलं जुनं भोक सैल झालं असेल तर ६.३ मिमीचा, २० मिमी जास्त लांब स्क्रू वापरा. लाकूडच कुजलं असेल तर शेजारी नवी पट्टी बोल्टने जोडा. कुजलेल्या लाकडात कुठलाच स्क्रू धरत नाही. रिकामं झालेलं जुनं भोक बंद करायला मोठ्या ईपीडीएम वॉशरखाली थोडं न्यूट्रल सिलिकॉन भरून छोटा नट-बोल्ट खालून आवळला, तर ते बरीच वर्षं टिकतं.

किती स्क्रू लागतील? ७६ मिमी लाटेच्या शीटचं, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उताराचं छत धरा. रुंदीत सुमारे ५२ माथे येतात. आडव्या पट्ट्या ७५० मिमीवर असतील तर पाच ओळी. वरच्या आणि खालच्या ओळीत एकाआड एक माथ्यावर २६-२६, मधल्या तीन ओळींत दर तिसऱ्या माथ्यावर १७-१७. एकूण १०३, म्हणजे १२० आणा.

पन्हळी शीटचे जोड

शेजारशेजारच्या दोन शीटमधला जोड किमान एका पूर्ण लाटेचा असतो. उतार कमी असेल किंवा वारा जोरदार असेल तर दोन लाटा घ्या. वरची शीट वाऱ्याच्या दिशेला पाठ करून बसली पाहिजे, म्हणजे पावसाचा झोत जोडाच्या तोंडात जाणार नाही. तोंड उलट्या बाजूला असेल तर शीट उचलून क्रम बदलणं हाच इलाज. दोन शीट एकावर एक अगदी चिकटून बसल्या की मधल्या केसाएवढ्या फटीत पाणी स्वतःच वर ओढलं जातं, आणि लाट ओलांडून पलीकडे उतरतं. त्यासाठी जोडाच्या माथ्यावर ब्युटाइलची, म्हणजे मऊ चिकट रबराची, बारीक पट्टी घाला. ब्युटाइल मऊ राहतं आणि शीटबरोबर हलतं, त्यामुळे इथे ते सिलिकॉनपेक्षा चांगलं काम देतं. पट्टी पॉलिकार्बोनेटला चालणारी आहे ना, एवढं पाकिटावर बघा.

उताराच्या दिशेने दोन शीट जोडल्या असतील तर वरची शीट खालचीवर २०० ते ३०० मिमी चढलेली आणि जोड पट्टीवर आलेला हवा. १०० मिमीचा जोड वाऱ्याच्या पावसात गळणारच. शीट वर सरकवायला जागा नसेल तर एक सलग लांब शीट टाकणं दीर्घकाळात स्वस्त पडतं.

पोकळ शीट: प्रोफाइल आणि टोकं

पोकळ शीटच्या नळ्या उताराच्या दिशेनेच असल्या पाहिजेत. आडव्या लागल्या असतील तर आत साचलेलं पाणी कधीच बाहेर पडणार नाही, आणि ती शीट काढून फिरवण्यावाचून पर्याय नाही. दिशा बरोबर असेल तर पुढचं सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे.

दोन शीटमधला जोड बहुधा दोन भागांच्या ॲल्युमिनियम प्रोफाइलचा असतो, खाली बैठक आणि वर खटकन बसणारी पट्टी. खालच्या टोकाचं झाकण काढा आणि वरची पट्टी प्लास्टिकच्या पाचरीने हळूहळू उचला. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटली तर तिची कड वाकते आणि परत तशी बसत नाही. आत चार गोष्टी पाहायच्या.

पहिली, रबराची गॅस्केट. बसवताना ती ताणून लावलेली असते आणि वर्षभरात आखडते. खालच्या टोकाला दोन-तीन सेंटीमीटर उघडं राहतं आणि तिथूनच पाणी येतं. नवी गॅस्केट मोजमापापेक्षा १ ते २ टक्के जास्त लांब कापा आणि ओढत न जाता दाबत दाबत बसवा.

दुसरी, शीटची धरलेली रुंदी. प्रत्येक बाजूला १५ ते २० मिमी शीट गॅस्केटखाली हवी, आणि शीटच्या कडेपासून प्रोफाइलच्या मधल्या भिंतीपर्यंत ३ ते ५ मिमी मोकळी जागा हवी. शीट भिंतीला चिकटून बसली असेल तर उन्हात ती फुगून मध्ये कमान करते आणि गॅस्केट उघडते. अशा शीटची कड बारीक दातांच्या करवतीने तेवढी कापा आणि नळ्यांतला भुसा हवेने उडवून टाका.

तिसरी, बैठकीतला निचऱ्याचा पाट. पानं आणि माती साचली की पाणी कडेवरून आत उतरतं. ब्रशने साफ करा. हीच एक गोष्ट दरवर्षी करावी लागते.

चौथी, टोकांच्या टेप. वरच्या टोकाला पूर्ण बंद ॲल्युमिनियम टेप आणि खालच्या टोकाला बारीक छिद्रांची श्वास घेणारी टेप, हा नियम. दोन्हीकडे बंद टेप लावली तर आतली ओल अडकते. आणि साध्या पारदर्शक टेपने बंद केलं असेल तर ती उन्हात सुटून शेवाळ, धूळ, मुंग्या सगळं आत जातं. टेप काढा, शीट उभी धरून पाणी निथळू द्या, हवा मारा, पूर्ण वाळू द्या, मग नव्या टेप लावा. ओल्या नळ्या टेपने बंद केल्या तर महिन्याभरात परत हिरव्या दिसतील.

खालच्या टोकाच्या यू पट्टीला तळाशी दर ३०० मिमीवर ३ ते ४ मिमीचं छिद्र पाडा. यू पट्टीची वरची पाकळी शीटला जिथे टेकते तिथे न्यूट्रल सिलिकॉनची बारीक रेघ ओढा, म्हणजे वरून वाहत येणारं पाणी पट्टीत शिरणार नाही. खालची पाकळी अजिबात बंद करू नका, निचरा तिथूनच होतो.

भिंतीचा सांधा

शीटची वरची कड भिंतीला भिडवून कोपऱ्यात सिलिकॉन भरलेलं दिसलं, तर ते आज ना उद्या फुटणार. इथे हलणारी शीट आणि न हलणारी भिंत समोरासमोर येतात. शीट भिंतीपासून १० मिमी आखूड ठेवा आणि वरून फ्लॅशिंगचं पांघरूण घाला.

शीटच्या वर १५० मिमी उंचीवर ग्राइंडरने भिंतीत २० ते २५ मिमी खोल खाच मारा, किंचित वरच्या दिशेने तिरकी. ॲल्युमिनियम फ्लॅशिंगची वरची घडी त्यात घालून पाचरींनी आवळा आणि खाच सीलंटने भरा. खाली फ्लॅशिंग शीटवर १५० मिमी यावं. तिथे ते शीटला स्क्रूने आवळायचं नाही, नुसतं टेकू द्यायचं, म्हणजे शीट खालून मोकळी सरकते. फ्लॅशिंगचे तुकडे २ मीटरपेक्षा लांब नकोत, जोडावर १०० मिमी एकमेकांवर घ्या. पन्हळी शीट असेल तर फ्लॅशिंग आणि लाटा यांच्यामधल्या पोकळीत त्याच लाटेच्या आकाराची फोमची पट्टी बसवा. ती नसेल तर वाऱ्याबरोबर पाऊस तिथून थेट आत येतो, आणि पक्षी घरटी करतात ते वेगळंच.

उतार आणि पन्हाळ

किमान उतार ५ अंश, म्हणजे १ मीटरला जवळपास ९० मिमी. लेव्हल बॉटल १ मीटरच्या सरळ पट्टीवर ठेवा, बुडबुडा मध्ये येईपर्यंत पट्टीचं खालचं टोक उचला आणि त्याखालची फट मोजा. ३ मीटर उताराच्या छताला दोन टोकांत २६० मिमीचा फरक हवा. तो १०० मिमीच असेल तर जोडांवर पाणी रेंगाळतं आणि कुठलाही उपाय टिकत नाही. पट्ट्यांखाली उतरत्या जाडीचे ठोकळे घालून वरची बाजू उचलावी लागेल. सांगाडा ठीक असूनही मध्येच तळं होत असेल, तर पट्ट्यांमधलं अंतर जास्त आहे. मधे एक पट्टी वाढवा.

शीट पन्हाळीत ५० मिमीच्या आसपास पुढे यावी. कमी असली तर पाणी शीटच्या पोटाला चिकटून मागे येतं आणि तुळईवरून गळतं. पन्हाळीला १ मीटरला ५ मिमी उतार द्या, आणि तिची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा खाली ठेवा, म्हणजे तुंबली तरी पाणी बाहेर सांडेल.

तडे, आणि शीट बदलायची वेळ

छोटा तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना ४ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे धावत नाही. जागा पुसून कोरडी करा आणि वरून ब्युटाइलच्या थराची ॲल्युमिनियम टेप लावा, तड्याच्या दोन्ही बाजूंना ७५ मिमी जाईल अशी. ही मलमपट्टी आहे, एखादा पावसाळा निघतो.

शीट जुनी झाली की नाही हे ड्रिल सांगतं. चांगल्या पॉलिकार्बोनेटचा किस लांब वळ्या-वळ्यांचा निघतो. चुरा किंवा टवके पडायला लागले तर तिच्यात एकही नवा स्क्रू घालू नका, शीट बदला. दोन-चार वर्षांतच अशी झाली असेल, तर यूव्ही थराची बाजू खाली घालून बसवली असण्याची शक्यता मोठी. नव्या शीटवर ती बाजू छापील फिल्मने दाखवलेली असते, ती आकाशाकडे. बसवताना कडेची फिल्म थोडी सोलून घ्या आणि काम संपलं की त्याच दिवशी सगळी काढा. उन्हात राहिली तर ती शीटला भाजून चिकटते आणि नखाने खरवडूनही निघत नाही.